लिअरचा सोबती

इंग्रजी वाङ्मयाचा विशेष अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस पुष्कळदा दोन कृतींची तुलना करणारा निबंध लिहावा लागतो. एक कृती नेमलेली असते. तिचा सोबती ज्याचा त्याने निवडावयाचा असतो. ही निवड म्हणजे निव्वळ सोयीची बाब, असे बहुतेकांस वाटते. वस्तुतः तिच्या पोटी न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे.

उदगीरच्या रहिवाशास तो परका वाटू नये. 1948 पर्यंत हे गाव निजामी राज्यात होते. सरकारदरबारची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि घरोघरी मराठी वा कानडी बोलली जात असे. एका भाषेचे माप दुसरीस लावले, म्हणजे मोजली जाणारी भाषा हटकून उणी ठरते, हे येथील माणूस पुस्तकावाचून शिकलेला आहे. दोन ग्रंथ शेजारी मांडताना तरी हे ज्ञान आपण विसरू नये.

शेक्सपिअरचे 'किंग लिअर' नेमलेले असले की विद्यार्थ्याचा हात शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'कडे (1970) जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. दोहींकडे वृद्ध पिता आपले सर्वस्व मुलांस वाटून देतो आणि निराश्रित होतो. परंतु साम्यांची यादी संपली की असा निबंधही संपतो. मागे उरतो तो एकच निवाडा : मूळ चित्राची छाया मराठीत कितपत उतरली? शेजारी बसवलेल्या कृतीस आपण नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले असते. वास्तविक आप्पासाहेब बेलवलकर मुलांची परीक्षा घेत नाहीत. ते नुसते देऊन टाकतात. म्हणून त्या नाटकात कॉर्डिलिया नाही, आणि ही काही त्यातील उणीव नव्हे. त्याचे दुःखच निराळे आहे.

लिअरच्या शोकांताचे मूळ वाटणीत नसून त्याआधी विचारलेल्या प्रश्नात आहे. माझ्यावर कोणाचे प्रेम अधिक, असे तो राजा मुलींस विचारतो, आणि उत्तराच्या मापाने राज्य देऊ करतो. तेव्हा खरा प्रश्न असा : पित्याने अपत्याच्या प्रेमाचा पुरावा मागावा काय? हा प्रश्न हाती धरून सोबती शोधू लागलो, तर महाभारताच्या आदिपर्वातील ययातीचे आख्यान समोर येते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेला ययाती पाचही पुत्रांपाशी त्यांचे यौवन मागतो. चौघे नाकारतात व शापास पात्र होतात. धाकटा पुरू होकार देतो आणि पुढे सिंहासन मिळवतो. लिअरची धाकटी मात्र मागितलेले शब्द देत नाही आणि राज्यास मुकते.

यावर कोणी म्हणेल, की काळ, धर्म, वाङ्मयप्रकार सर्वच भिन्न असताना अशी जोडी लावणे म्हणजे ओढाताण होय. अशाने कशाशीही काहीही जोडता येईल. आक्षेप रास्त आहे. म्हणून कसोटी हवी. माझ्या मते ती अशी : दोन्ही कृतींनी एकमेकींस प्रश्न विचारला पाहिजे. पुरू वाचल्यावर कॉर्डिलियाचे मौन पूर्वीइतके निष्कलंक राहत नाही. म्हाताऱ्या बापाच्या समाधानासाठी चार गोड शब्द बोलली असती, तर सत्याची एवढी काय हानी झाली असती? उलट, कॉर्डिलियानंतर पुरूचा होकारही साधा राहत नाही. ज्या मागणीस नकार देणारास शाप मिळतो, तिला दिलेल्या होकारास प्रेम म्हणावे की आज्ञापालन? पितृभक्तीची ही कथा आपण लहानपणापासून आदराने ऐकत आलो. तिच्याविषयी ही शंका घेण्याचे धैर्य इंग्रजी नाटकाने दिले, आणि त्या नाटकाविषयीची शंका आपल्या आख्यानाने दिली. येथे कोणी आरोपी नाही. दोघेही साक्षीदार आहेत.

दोन्ही पिते अखेरीस शहाणे होतात. उपभोगाने वासना शमत नाही, हे कळल्यावर ययाती पुरूचे यौवन परत करतो. लिअर कॉर्डिलियाची क्षमा मागतो, परंतु तिला परत आणू शकत नाही. तिचे प्रेत हाती घेऊनच तो रंगभूमीवर येतो. एकाला घेतलेले फेडता आले, दुसऱ्याला आले नाही. हा भेद साम्यांच्या यादीतून हाती लागला नसता.

याचा अर्थ 'नटसम्राट' बाजूस सारावे असा नव्हे. या दोघांनंतर ते वाचले, तर काहीही न मागता सर्वस्व देणारा पिता असे तिसरेच उत्तर म्हणून ते उभे राहते, आणि निर्हेतुक दानही पित्यास वाचवू शकत नाही, हे त्याचे स्वतःचे सांगणे आपणास ऐकू येते. ज्या घरांत मुलांच्या शिक्षणाचा, नोकरीचा, विवाहाचा हिशेब प्रेमाच्या नावाने मांडला जातो, तेथे हे तिन्ही पिते परके नाहीत. सोबती निवडताना विद्यार्थ्याने एवढेच पाहावे, की आपण त्यास बोलावयास बोलावले आहे, की केवळ मोजावयास.