प्रगतिपत्रकावरचा शेरा

गेल्या वर्षी सहामाहीला एका नववीतल्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिले, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' मुलगा जुने रेडिओ उघडतो, नाटकाचे पडदे रंगवतो, मराठीबरोबर कन्नडमध्येही कविता करतो; गणितात मात्र काठावर. वडिलांनी मुकाट्याने सही केली. मुलगा त्या दिवसापासून वर्गात गप्प झाला.

पुढे शंकर आबाजी भिसे यांच्याविषयी वाचताना तो शेरा मलाच टोचला. 1867 साली मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाच्या नावावर सुमारे 200 शोध आणि 40 पेटंटे सांगितली जातात. आणि विषय तरी किती! किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र, छपाईचे खिळे पाडणारे यंत्र, पुढे अमेरिकेत आयोडीनचे औषध. दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले, सर रतन टाटांनी भांडवल. 1935 साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले. माझा शेरा त्यांनाही लागू करावा काय?

पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे, तो एक करार आहे. शोधकाने आपली युक्ती दुसऱ्याला करून पाहता येईल अशी उघड लिहून द्यायची. बदल्यात ठरावीक वर्षे तिच्यावर त्याचा हक्क. मुदत सरली की ती सर्वांची. ते कार्यालय युक्ती नवी आहे का, हे पाहते; 'तुमचा विषय कोणता?' असे विचारत नाही. एडिसनच्या 1093 अमेरिकी पेटंटांपैकी पहिले, 1869 सालचे, मते नोंदविणाऱ्या यंत्राचे. ते कोणी घेतले नाही. तरी नोंद कायम आहे.

अर्थात एकाग्रता हवीच. खिळ्यांच्या यंत्रापायी भिशांनी वर्षे वेचली. पण एकाग्रता म्हणजे जन्मभर एकच विषय नव्हे. हाती घेतलेले काम तडीस नेणे. चिंधी होते ती अर्धवट टाकलेल्या कामाची. कामे किती, हे मी मोजले होते. पुरी झाली का, हे विचारलेच नव्हते.

म्हणून एके दिवशी त्याला बोलावून विचारले, "बाळ, उघडलेले रेडिओ पुन्हा वाजले का रे?"

तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "तीन वाजले, सर. चौथ्याचा एक भाग मिळत नाही."

लिहिलेला शेरा खोडता येत नाही. गणितासाठी त्याला रोज शाळा सुटल्यावर थांबवतो. चौथ्या रेडिओचा तो भाग मात्र आता आम्ही दोघे शोधतो आहोत.