पाठीमागच्यांचा हक्क

मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असा सार्वत्रिक समज आहे. आम्हांस तो पुरता खरा वाटत नाही. मोठ्या प्रसंगी चार लोकांचे डोळे आपल्यावर खिळलेले असतात, आणि लोकलज्जेचाही नीतीस बराच हातभार लागतो. जेथे पाहणारा कोणी नाही, जाब विचारणारा कोणी नाही, आणि थोडा पैसा मात्र वाचण्याजोगा आहे, तेथे मनुष्य काय करतो, हे पाहण्यासारखे असते. असे एक क्षुल्लक स्थळ म्हणजे जुन्या मोटारीची धूर सोडणारी नळी. विषय वाङ्मयविषयक मासिकास शोभेसा नाही, असे कित्येकांस वाटेल. परंतु जो प्रश्न आज घरोघरी उभा राहतो तो तत्त्वविचारास वर्ज्य का मानावा, हे आम्हांस समजत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंजिनापासून गाडीच्या शेवटापर्यंत जाणाऱ्या या नळीच्या वाटेवर दोन मुख्य अवयव असतात. सायलेन्सर आवाज गिळतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विष गिळतो. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल-मोटारींस हा दुसरा अवयव सक्तीचा झाला. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची एक वीट असून तिच्यावर प्लॅटिनमाच्या जातीच्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. त्या तापलेल्या लेपावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायॉक्साइडमध्ये रूपांतर होते, अर्धवट राहिलेले इंधन जळून जाते, आणि पुढे प्रचारात आलेल्या तिहेरी जातीच्या कन्व्हर्टरात नायट्रोजनची ऑक्साइडेही फुटून निरुपद्रवी नायट्रोजन उरतो.

ही नळी बहुधा आतून कुजते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे लिटरभर पाणी उत्पन्न होते. लांबच्या प्रवासात नळी पुरती तापते आणि त्या पाण्याची वाफ निघून जाते. पण जी गाडी केवळ मंडईपर्यंत जाऊन परत येते, तिच्या सायलेन्सरात ते आम्लांसह साचते आणि पत्रा खाऊ लागते. यास्तव घरच्या माणसासारखी जपलेली, बेताने वापरलेली गाडीच एके दिवशी फाटक्या आवाजाने बोलू लागते, आणि मालकास गॅरेजची पायरी चढावी लागते.

तेथे त्याच्यापुढे दोन मार्ग मांडले जातात. मुळात होता तसा सारा संच, कन्व्हर्टरसह, पुन्हा बसवावा. हा मार्ग खर्चाचा आहे. अथवा साधा सायलेन्सर घालून कन्व्हर्टरच्या जागी सरळ नळी जोडून घ्यावी. यात पैसे वाचतात, इतकेच नव्हे, तर काढलेल्या जुन्या कन्व्हर्टरला त्यातील धातूमुळे मोडीतही किंमत येते. गाडी चालण्यात मालकास फरक जाणवेलच असे नाही. मग अधिक पैसे का द्यावेत?

न देण्याच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, पीयूसीचे प्रमाणपत्र मिळते ना? मिळू शकते. पण त्या तपासणीत पेट्रोल-गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत, आणि जुन्या गाड्यांस मर्यादाही सैल आहेत. प्रमाणपत्र हा कर्तव्याचा किमान पुरावा आहे. त्यालाच कर्तव्य समजणे म्हणजे उत्तीर्ण होण्यास विद्या म्हणण्यासारखे आहे.

दुसरा युक्तिवाद, लाखो गाड्यांत एकीने काय होणार? श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजाज्ञेप्रमाणे साऱ्या गावाने दूध ओतले तरी गाभारा भरला नाही. मुलाबाळांना, वासरांना तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरला. ज्याने आज्ञा अक्षरशः पाळली त्याचा हिशेब चुकला, आणि जिने आधी तान्ह्यांकडे पाहिले तिचे थोडकेही पुरे पडले. धुराच्या नळीचे तोंड रस्त्यापासून हातभर उंचीवर, म्हणजे लहान मुलाच्या नाकापासून फार लांब नसते, हे ध्यानी घेतले तर या कहाणीची आठवण अस्थानी ठरू नये.

तिसरा युक्तिवाद असा की, गाडी जुनी. तिचे आता दिवस किती राहिले? हा काही अंशी मान्य करण्याजोगा आहे. जिला मुळात कन्व्हर्टर नव्हताच, अशा गाडीच्या मालकाने न गळणारा, आवाज आवरणारा सायलेन्सर बसवला म्हणजे तिच्यापुरते त्याचे कर्तव्य झाले. मूळ कारखान्याचाच शिक्का हवा, असेही आम्ही म्हणत नाही. तो भाग मिळेनासा झाला असेल, तर त्याच प्रतीचे काम करणारा दुसरा चालेल. निष्ठा शिक्क्याशी नव्हे, कार्याशी असावी. तसेच गाडीवरच ज्याचे पोट आहे त्याला उपदेश करण्यापूर्वी तो भाग त्याच्या आवाक्यात आणणे हे समाजाचे काम आहे. परंतु ज्यांच्या घरी गाडी ही सोय आहे, चरितार्थ नव्हे, त्यांना ही सवलत मागता येणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नळीस गाडीखाली, बैठकीजवळ भोक पडले, तर तोच मालक क्षणाचाही विलंब लावीत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो. तो गाडीत शिरला तर आपली मुले गुदमरतील, हे त्याला पटते, आणि तेथे तो पैशांची घासाघीस करीत नाही. धूर तोच, विष तेच. फक्त एके ठिकाणी ते आपल्या बैठकीत येते, दुसऱ्या ठिकाणी मागच्या सायकलस्वाराकडे जाते. या दोन नळ्यांच्या दुरुस्तीत जो फरक आपण करतो, तितकेच अंतर आपण आपल्या व परक्या श्वासाच्या किंमतीत धरतो. हा फरक समर्थनीय आहे असे उघडपणे कोणी म्हणणार नाही. गॅरेजात मात्र तो निमूटपणे केला जातो.

आम्हांस असे वाटते की, वाहन चालविणारा नेहमी पुढे पाहतो, आणि त्याने केलेले नेहमी मागे पडते. त्यामुळे मागे राहणाऱ्यांचा हक्क त्याला दिसत नाही. तो आठवावा लागतो. जुना सायलेन्सर बदलण्याची वेळ ही ती आठवण करून देणारी आहे. त्या दिवशी कारागिराला सांगावयाचे वाक्य फार मोठे नाही: होते ते सारे परत बसवा. त्याचे बिल थोडे अधिक येईल. ते आपण कोणावर उपकार म्हणून भरीत नाही. ती रस्त्याची जुनी देणी आहेत.