माणिक आणि नीलम : एक देह, दोन दैवते

आपल्या ज्योतिषशास्त्राने नवग्रहांना नऊ रत्ने वाटून देताना माणिक सूर्याच्या आणि नीलम शनीच्या हवाली केले, तेव्हा या पितापुत्रांचे पुराणप्रसिद्ध वैरही त्या दोन खड्यांच्या माथी कायमचे आले. माणिक सोन्यात मढवून रविवारी अनामिकेत घालावे, नीलम शनिवारी मध्यमेत घालावा, आणि ही दोन्ही रत्ने एका हातात तर नाहीच, एका देहावरही वागवू नयेत, अशी वहिवाट आहे. नीलम विकत घेण्याआधी तो उशाखाली ठेवून रात्री स्वप्ने कशी पडतात हे पाहण्याचा प्रघात तर आजही कित्येक घरांत आहे. नवरत्नांच्या अंगठीत मात्र माणिक मध्यभागी आणि नीलम पश्चिमेला असे दोघेही एकाच कोंदणात सुखाने नांदतात, या विसंगतीची तकरार कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या वैराची कल्पना उथळ आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मेष राशीत दहाव्या अंशावर सूर्य परमोच्च होतो, त्याच राशीत शनी नीचीचा. आणि तूळ राशीत शनी उच्च होतो तेथे सूर्य आपले तेज गमावतो, ही मांडणी ज्याने केली त्याच्या बुद्धीला रचनेची आणि समतोलाची विलक्षण जाण होती. प्रश्न एवढाच आहे की आकाशातील हे वैर दगडात उतरते काय, आणि उतरत असेल तर दगडाच्या कोणत्या अंशात.

कारण दगड म्हणून पाहिले तर हे दोघे वैरी नव्हेत, भाऊही नव्हेत, एकच आहेत. दोन्ही खनिजे कुरुविंद जातीची, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाची. घासकामाला व धार लावण्याला वापरला जाणारा कुरुंदाचा ओबडधोबड दगडही याच कुळातला. काठिण्य दोहोंचे 9, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, विशिष्ट गुरुत्व 4 च्या आसपास, वक्रीभवनांक 1.762 ते 1.770. डोळ्यांवर पट्टी बांधून केवळ तराजू आणि काठिण्य यांवर निवाडा करणाऱ्या परीक्षकाला माणिक कोणते आणि नीलम कोणता हे सांगता येणार नाही.

भेद आहे तो अत्यल्प भेसळीचा, आणि या शास्त्रातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. ॲल्युमिनियमच्या काही अणूंच्या जागी क्रोमियमचे अणू येऊन बसले, आणि तेही बहुधा शेकडा एकाच्या आतबाहेर, की तो स्फटिक प्रकाशातील जांभळा-निळा आणि पिवळा-हिरवा भाग शोषून घेतो व तांबडा तेवढा जाऊ देतो. शिवाय शोषलेल्या तेजाचा काही अंश तो पुन्हा तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत करतो. या परत मिळणाऱ्या प्रकाशाचाच उपयोग करून 1960 साली थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाच्या कांडीतून जगातील पहिला लेसर किरण काढला. नीलमाचा रंग याहून गूढ रीतीने सिद्ध होतो. तेथे लोह आणि टायटॅनियम यांचे अणू शेजारी शेजारी असावे लागतात. एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जाताना पिवळा-तांबडा प्रकाश खर्ची पडतो आणि निळा शिल्लक राहतो.

आता एक योगायोग पाहण्यासारखा आहे. सूर्यप्रकाशातील जे अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांनीही माणिक आतून पेटते, आणि म्हणून ब्रह्मदेशातील मोगोकचे माणिक उन्हात धरले असता निखाऱ्यासारखे भासते. परंतु खड्यात लोह अधिक असेल तर ही आतली प्रभा मंदावते. लोह हा तर ज्योतिषात शनीचा धातू. सूर्याच्या रत्नाचे तेज शनीच्या धातूने झाकोळावे, ही गोष्ट ग्रहरत्नांची सांगड घालणाऱ्या प्राचीनांना ठाऊक असण्याचा संभव नाही. ती वाचून मला मात्र मोठा आनंद झाला.

जुन्या परीक्षकांना या दोहोंची सजातीयता कळली होती. गरुडपुराणातील रत्नविषयक अध्यायांत पद्मरागाच्या धारणाने जे गुण मिळतात तेच इंद्रनीलाच्या धारणाने मिळतात, असे स्पष्ट सांगितले आहे, आणि तेथे वैराचे नावही नाही. अकराव्या शतकात अल्-बीरूनीने पाण्यात वजन करून रत्नांची तुलना केली. त्याच्या परंपरेत तांबडा आणि निळा असे दोन्ही खडे याकुताचेच प्रकार, आणि 'लाल' म्हणून विकले जाणारे बदख्शानी रत्न त्यांहून हलके व निराळे. पुढे युरोपात हा विवेक कितीतरी काळ राहिला नाही. इंग्लंडच्या राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' हे वस्तुतः स्पिनेल, म्हणजे त्या 'लाल' जातीचेच रत्न आहे.

येथे फलज्योतिषापुढे जो पेच उभा राहतो तो टाळता येणारा नाही. फल द्रव्यात असेल, तर माणिक आणि नीलम यांचे फल एकच असले पाहिजे, जसे गरुडपुराण म्हणते. फल रंगात असेल, तर तांबडे स्पिनेलही सूर्याला मान्य व्हावे. एवढेच नव्हे, तर व्हेर्नय या फ्रेंच रसायनज्ञाने 1902 साली जगापुढे ठेवलेल्या पद्धतीने भट्टीत तयार होणारे स्वस्त माणिकही मान्य व्हावे, कारण द्रव्य, रंग आणि क्रोमियम ही तिन्ही त्यात खाणीतल्याप्रमाणेच असतात. फल खाणीत असेल, तर तसे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे ते दाखवावे. रत्ने ही पृथ्वीने लक्षावधी वर्षांत घडविलेली अपूर्व वस्तू आहे आणि तिचा मान तिच्या घडणीतच आहे, असे माझे मत आहे. साडेसातीच्या भयाने कर्ज काढून नीलम घेणाऱ्या माणसाची मला मनापासून चिंता वाटते. म्हणून ज्योतिषाच्या जाणत्या अभ्यासकांना माझी विनंती आहे की, द्रव्य, रंग आणि खाण या तिहींपैकी फल कशात आहे याचा त्यांनी एकदा लेखी निर्णय द्यावा, आणि तो निर्णय येईपर्यंत नीलम घेणाऱ्याने निदान वक्रीभवनांक व विशिष्ट गुरुत्व नोंदलेला प्रयोगशाळेचा दाखला पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.