निष्काम सेवा आणि आरोग्यसेवकांची उणीव

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2030 पर्यंत जगात एक कोटीहून अधिक आरोग्यसेवकांची उणीव राहणार असून, ती केवळ प्रशिक्षणाने भरून निघेल असे मानणे अपुरे आहे, कारण तिच्या मुळाशी सेवेचा भार कोणी वाहावा हा नीतीचा प्रश्न आहे. जालन्याचे उदाहरण पाहा: तेथील एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळ्या तयार करणाऱ्या कामगारांना भाजण्याचा, उष्माघाताचा आणि डोळ्यांत ठिणगी उडण्याचा धोका सतत असतो; त्यांपैकी अनेक जण परप्रांतीय, आणि म्हणून गावच्या नोंदींबाहेरचे. अशा कुटुंबांतील गरोदर स्त्रीची नोंद, बाळाला लसीकरणासाठी नेणे, क्षयरुग्णाच्या गोळ्या हे काम प्रामुख्याने आशा, म्हणजे 2005 मध्ये सुरू झालेल्या योजनेखाली गावातूनच निवडलेली आरोग्य कार्यकर्ती, करते. तिला शासकीय कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले जाते आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. या व्यवस्थेला निष्काम कर्माचा आधार देणे ही गीतेच्या शिकवणुकीची उघड विपर्यस्त मांडणी होय. फलत्याग हा कर्त्याने स्वतः करावयाचा असतो. सेवा घेणाऱ्या समाजाने तो आशा कार्यकर्तीवर लादला, तर त्याला त्याग नव्हे, थकवलेले ऋण म्हणावे लागते. जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, परंतु तेथील पदवीधर घडण्यास आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात, आणि तोवर मजुरांच्या खोल्यांपर्यंत पोहोचणारी बहुधा आशाच असते.