एक साचा, हजार गणपती

पेण आणि लगतच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे काम जवळजवळ वर्षभर चालते. प्रत्येक प्रकारच्या मूर्तीमागे मातीचा एक मूळ नमुना असतो. अनुभवी मूर्तिकार तो हाताने घडवतो. सोंडेचे वळण, पोटाचा घेर, बैठक, दागिन्यांची ठेवण, सगळे तेव्हाच ठरते. मग त्यावरून साचा काढतात. पूर्वी साचे प्लास्टरचे, अनेक तुकड्यांचे असत. आता नमुन्यावर रबराचे थर चढवून त्यांना बाहेरून प्लास्टरच्या कवचाचा आधार देतात. रबर वाकते, म्हणून खोल खाचांतली नक्षीही न तुटता सुटून येते.

शाडूची मूर्ती करताना मळलेली माती साच्याच्या अर्ध्या भागांत अंगठ्याने दाबून बसवतात, दोन्ही भाग जुळवतात आणि सांधे ओल्या हाताने पुसून घेतात. आत पोकळी राहते. ती नसली तर माती सुकताना तडकते. हात बहुधा वेगळे करून नंतर जोडतात. ओली मूर्ती सावलीत वाळायला कित्येक दिवस जातात आणि कोकणच्या पावसाळी हवेत त्याहून जास्त. प्लास्टर ऑफ पॅरिसचे काम याच्या कितीतरी पट भरभर होते. जिप्सम भाजून त्यातले बहुतेक पाणी उडवले की ही भुकटी मिळते. तिच्यात पाणी घातले की ते पाणी पुन्हा स्फटिकांत बांधले जाते आणि मिश्रण काही मिनिटांत गरम होऊन घट्ट होते. आतून काथ्याचा आधार दिला की मूर्ती हलकी आणि टणक होते. ती प्रवासात सहसा मोडत नाही आणि स्वस्तही पडते.

घासणे, पांढरा हात, अंगाचा रंग, सोनेरी काम ही कामे अनेक हातांत वाटलेली असतात. डोळ्यांची आखणी मात्र सगळ्यांत कसबी माणसाकडे जाते. बारीक कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत बुबुळ, पापणी आणि भुवई उतरते आणि एकाच साच्यातल्या मूर्तींना वेगवेगळे चेहरे मिळतात. हे कसब कोणत्याही साच्यात सापडत नाही.

अशा शेकडो सारख्या मूर्ती फळीवर मांडलेल्या असतात. प्रश्न असा, की यांतल्या प्रत्येकीत देव आहे का, आणि असेल तर कधीपासून? मातीचा घोडा आणि मातीचा गणपती एकाच मातीचे, एकाच हातचे असतात. एक खेळणे आणि दुसरा देव कशाने ठरतो?

हा भेद फार जुना आहे आणि त्याची नोंद चक्क व्याकरणात सापडते. पाणिनीच्या नियमाप्रमाणे घोड्याच्या प्रतिकृतीला ‘अश्वक’ म्हणायचे. पण जी मूर्ती उपजीविकेचे साधन आहे आणि तरीही विक्रीची नाही, तिच्या नावापुढचा ‘क’ गळतो. ती नुसती ‘शिव’, ‘स्कंद’. यावर पतंजली महाभाष्यात सांगतो, की सोन्याच्या लोभाने मौर्यांनी मूर्ती करवल्या होत्या. त्यांना ही सवलत लागू होणार नाही. आज ज्या पूजेत आहेत त्यांना लागू होईल. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही निकष आकृतीचा किंवा द्रव्याचा नव्हता. मूर्तीशी माणसाचे नाते विक्रीचे की पूजेचे, हे पाहिले जाई. तळकोकणात घरचा पाट आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन देतात आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. कारखान्यातून कोणत्याही घरी जाऊ शकणारी मूर्ती आणि पहिल्या दिवसापासून एका घराची असलेली मूर्ती, हा फरक तिथे आजही जिवंत आहे.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. एकच गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या एकाच सकाळी लाखो घरांत कसा येईल? वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हाच आक्षेप यज्ञाच्या संदर्भात घेतला होता. देवतेला शरीर असेल तर ती एकाच वेळी अनेक यज्ञांना हजर राहू शकणार नाही, म्हणून देवता मंत्रात मानावी, शरीरात नव्हे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य याला दोन उत्तरे देतात. योग्याला अनेक शरीरे धारण करता येतात, तर देवतेला का येऊ नयेत? शिवाय, अनेकांनी एकाच वेळी एकाला नमस्कार करायला त्याला अनेक व्हावे लागत नाही. दुसरे उत्तर अधिक पटणारे आहे. त्यात देवाची हालचाल लागत नाही. हालचाल होते ती उपासकाच्या चित्ताची. या विचाराने साच्याबद्दलचा संकोच उरत नाही. हजारावी मूर्ती पहिलीइतकीच पात्र आहे, कारण पात्रता नमुन्यातून येतच नाही. ती घरोघरच्या आवाहनातून येते. प्राणप्रतिष्ठेत यजमान मूर्तीच्या हृदयाला हात लावतो, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतो. कारखान्यात आखलेला डोळा घरात पुन्हा उघडला जातो.

भागवताच्या एकादश स्कंधात कृष्ण उद्धवाला मूर्तीचे आठ प्रकार सांगतो: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली. तिथे एक बारकावा आहे. स्थिर मूर्तीला आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही. अस्थिर मूर्तीत ती करावीत किंवा न करावीत, असा विकल्प आहे. लेपाच्या मूर्तीला स्नान घालू नये, नुसती पुसावी, असेही सांगितले आहे. द्रव्याचा स्वभाव ओळखून विधी बेतलेला आहे. पार्थिव गणपतीची पूजाही अशीच बेतली आहे. माती आणायची, तिच्यात देव बोलावायचा, उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची थोडी हलवून त्याला निरोप द्यायचा आणि माती पाण्याला परत द्यायची.

प्लास्टरचा खरा दोष इथे दिसतो. पर्यावरणाची हानी गंभीरच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2020 मध्ये ती अधिक कडक करून प्लास्टरला मनाई केली. पण धर्माच्या बाजूनेही हा प्रश्न तितकाच गंभीर आहे. ज्या विधीचा अर्धा भाग परत देण्याचा आहे, त्यासाठी परत न जाणारे द्रव्य वापरले जाते. यावर असे उत्तर मिळते, की उत्तरपूजेनंतर देव गेलेला असतो, मागे उरते ते नुसते प्लास्टर. शास्त्रार्थ म्हणून हे खोडता येत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सोंड तुटलेली मूर्ती पाहून भाविकाला जे वाटते ते खोटे नसते. निरोपाची खूण डोळ्यांना पटावी लागते आणि विरघळणे हीच ती खूण असते. दुसरीकडे, प्लास्टरच्या हलक्या, स्वस्त मूर्तींवर पेण परिसरातल्या असंख्य कुटुंबांची चूल चालते. शाडूकडे वळण्याचा भार एकट्या कारागिरावर टाकणे अन्यायाचे आहे. जड, नाजूक आणि महाग मूर्ती ग्राहकानेही पत्करली पाहिजे.

परंपरेत वाटही आहे. स्थिर आणि अस्थिर हा भेद मानला तर मोठी मूर्ती बुडवायची गरज उरत नाही. पुण्यातली अनेक जुनी मंडळे मुख्य मूर्ती वर्षानुवर्षे जपतात आणि विसर्जन करतात ते शेजारच्या लहान, पूजेच्या मूर्तीचे. पुष्कळ घरांत धातूचा गणपती देव्हाऱ्यात राहतो आणि हातभर उंचीचीही नसलेली शाडूची मूर्ती घरच्याच बादलीत विरते. तिची माती मग अंगणातल्या झाडांना घालतात.