बाहेरचं

सुमीला एक दिवसाआड ताप यायचा. दुपार कलली की हुडहुडी भरायची, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मग अंग तापायचं, घामानं झगा भिजायचा, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी अंगणात हुंदडत असायची. ठरल्या वेळेला येऊन जाणारा ताप बघून आजीनं सांगून टाकलं, "हे बाहेरचं हाय."

आमच्याकडे हा शब्द भलता सोशिक. हॉटेलातली भजी बाहेरची, पाळी आलेली बाई बाहेर बसलेली, पन्नास वर्षं नांदलेली सूनही भांडणात बाहेरचीच. आणि ज्याचं नाव घेतलं तर ते ऐकेल अशी भीती, तेही नुसतं 'बाहेरचं'. आजीनं दहीभाताचा उतारा तीनदा तिकटीवर ठेवला. तीनदा कुत्र्यांचं भलं झालं.

मग आशाताई आल्या. सुमीच्या बोटाला टोचून थेंब घेतला. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. हिवताप.

"औषध द्या बाई," आजी म्हणाली, "पर हाय ते बाहेरचंच."

ताई वाद घालतील असं वाटलं होतं. "बाहेरचंच आहे, आजी. दाखवू?"

परसातल्या हौदाचं झाकण कधीचं फुटलेलं. ताईंनी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन उन्हात धरलं. आधी काहीच दिसेना. मग केसाएवढ्या काड्या दिसल्या, पाण्यालगत आडव्या पडलेल्या. वाटीला टिचकी मारताच सरसर मागं सरकल्या.

"आठ-दहा दिवसांत यांचे डास होतात. यातली मादी तापाच्या माणसाला चावली की ताप घेऊन हिंडते."

आजी वाटीकडे बघत राहिली. उताऱ्यावर फिरवलेलं पाणीही याच हौदातलं होतं.

ताप तीन दिवसांत गेला, तरी दुसऱ्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या होत्या. आजीला ते पटेना. "बाहेरचं आता आत शिरलंय ना," ताई म्हणाल्या. "काळजात दडून बसतं, महिन्यांनी पुन्हा उठतं." हे मात्र आजीला लगेच कळलं. एकही गोळी चुकली नाही. हौदही दर शनिवारी घासून कोरडा पडू लागला.

पावसाळ्याच्या शेवटी शेजारीण नातवाला कडेवर घेऊन आली. "आत्या, बाहेरचं हाय का बगा की."

आजीनं पोराच्या कपाळाला हात लावला. "असंल," म्हणाली. "ताईस्नी बोलीव. तवर तुझा हौद बगू," आणि पांढरी वाटी आणायला आत गेली.