मोशेची काठी



जळत्या झुडपापाशी परमेश्वराने मोशे रब्बेनूंना मिसर देशी जाण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांनी अडचण सांगितली की आपली जीभ जड आहे. परमेश्वराला ती जीभ तेथल्या तेथे मोकळी करणे काय कठीण होते? पण त्याने तसे केले नाही, आणि ते काम दुसऱ्यालाही दिले नाही. त्याने बोलायला भाऊ आहारोन दिला आणि हातात काठी घेऊन जाण्यास सांगितले. उणीव राहिली, पण काम अडले नाही.

याचा अर्थ मला जुरोंग ईस्टमध्ये कळला. आमच्या इमारतीत दहा-अकरा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आहे. त्याला बोलता येत नाही. लिफ्टमध्ये तो किंचाळे आणि स्वतःचाच हात चावे. शेजारी कुरकुरत. मी जन्मभर शिक्षिका. मलाही वाटे, लाडाने बिघडलेले पोर आहे, एक चापटी हवी.

एकदा त्याच्या आजीने मला सांगितले की शाळेतल्या बाईंनी त्यांना एक वही ठेवायला लावली आहे. किंचाळण्याआधी काय घडले आणि नंतर काय झाले, एवढेच तीत लिहायचे. पंधरा दिवसांत उलगडा झाला. लिफ्ट भरली की तो ओरडे, आणि ओरडला की घरचे त्याला बाहेर नेत. ते ओरडणे म्हणजे "मला बाहेर जायचे आहे" हे त्याचे वाक्य होते! मग घरच्यांनी गर्दीची वेळ टाळली आणि त्याला टॅब्लेटवरचे चित्र दाबायला शिकवले. चित्र दाबले की यंत्र बोलते, "पुढच्या लिफ्टने जाऊ." त्याचे म्हणणे लगेच मानायचे आणि त्याला शाबासकी द्यायची. याला काही महिने लागले. आजही एखादा दिवस वाईट जातो, पण हातावरचे व्रण भरले आहेत.

या पद्धतीला सकारात्मक वर्तन सहाय्य म्हणतात. मागणे सांगायचा दुसरा मार्ग शिकवला की त्रासदायक वागणे कमी होते, हे अमेरिकेतील कार आणि ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली दाखवून दिले. साधनांसाठी येथे लेंगकोक बाहरू येथे 2015 पासून एनेबलिंग व्हिलेज आहे; तेथील टेक एबल केंद्रात अशी उपकरणे हाताळून पाहता येतात. रस्त्यावरही सोय आहे. 2009 पासून सिंगापुरात अनेक सिग्नलांवर वृद्ध आणि अपंग माणसांनी कार्ड लावले की हिरवा दिवा जास्त वेळ राहतो. साठी उलटल्यावर मीही ते कार्ड लावते आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. मग त्या मुलाच्या टॅब्लेटकडे लोकांनी टक लावून का पाहावे?

आता पुन्हा काठीकडे येऊ. बमिदबारमध्ये परमेश्वराने खडकाशी बोलायला सांगितले, पण मोशेंनी खडकावर काठी दोनदा मारली. पाणी आले! तरीही त्यांना वचनदत्त देशात जाता आले नाही. बोलायचे सोडून मारले, हाच दोष, असे राशी सांगतात. मारण्यात मोठा धोका हाच, की पाणी येते आणि आपण बरोबर होतो असे वाटते.

तरुणपणी माझ्या वर्गात एक मुलगा सारखा बाक सोडून फळ्यापाशी येई. मी त्याच्या हातावर पट्टी मारली. तो गप्प बसू लागला आणि मी शिस्त लावल्याचा अभिमान बाळगला. वर्ष संपता संपता कळले, त्याला मागून फळा दिसतच नव्हता. मी त्याला एकदाही विचारले नव्हते. पाणी आले होते, पण मी चुकले होते.

आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, ही तोरेची आज्ञा आपण दरवर्षी ऐकतो. आपल्या मलिद्याला, लग्नाला किती घरची अशी मुले येतात? लोकांच्या नजरेच्या भीतीने आईबाप त्यांना घरीच ठेवतात. ती नजर हाही अडथळाच. म्हणून मूल ओरडले तर रागावण्याआधी विचारा, ते काय सांगते आहे? बसायला शांत कोपरा ठेवा. आणि शिक्षा म्हणून त्याचा टॅब्लेट कधीही काढून घेऊ नका; ती त्याची जीभ आहे.

काठी परमेश्वर आपल्याही हाती देतो. ती आधारासाठी आहे, हे विसरू नये अशी सद्बुद्धी तो आपणा सर्वांस देवो. आमेन.